म्युझिक व्हिडिओतली चौकटीबाहेरची दृश्यं

म्युझिक व्हिडिओ म्हणजे एका गाण्यासाठी बनवलेली छोटी फिल्म, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण गाण्याच्या प्रत्येक प्रकाराचा दिसण्याचा पण एक साचा ठरून गेलेला असतो, रॅप म्हटलं की गाड्या आणि गळ्यात जाड चेन, प्रेमगीत म्हटलं की पाऊस आणि एक छत्री, कोळीगीत म्हटलं की होडी, टोपली, लुगडं आणि सोनं. हा साचा जाणूनबुजून मोडणारे व्हिडिओ जगभर ६० वर्षं बनतायत आणि ही नोंद त्यांच्याबद्दल आहे. उदाहरणं जमेल तिथे ठाणे-नवी मुंबईची घेतलीत, कारण इथे आगरी-कोळी गाण्यांचे ढीगभर व्हिडिओ बनतात आणि साचा कसा तयार होतो नि कुठे तुटतो हे अगदी घराबाहेर बघायला मिळतं.

साचा मोडणं म्हणजे नुसतं विचित्र काहीतरी दाखवणं नाही. कानाला जे ऐकू येतंय आणि डोळ्याला जे दिसतंय त्याच्यात एक फट ठेवायची, आणि ती फट बघणाऱ्याने स्वतः भरायची, असं ते काम आहे. गाण्यात चंद्र आला की पडद्यावर चंद्र, हे झालं साच्याचं काम. आपल्याकडे ही फट काही परदेशातून आलेली नाही, एकनाथांची भारुडं घ्या, १६व्या शतकातली, विंचवाच्या भारुडात समोरचा माणूस विंचू चावल्यासारखा तडफडतो, ओरडतो, लोक पोट धरून हसतात आणि विंचू मात्र काम-क्रोधाचा असतो. दिसतं एक, पोचतं दुसरं. चांगला म्युझिक व्हिडिओ हेच करतो असं माझं ठाम मत आहे, आणि ज्या व्हिडिओत ही फट गाण्यातून निघालेली नसते तिथे कितीही इफेक्ट टाकले तरी दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही.

बाहेरची थोडी गोष्ट

१ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनल सुरू झालं तिथून म्युझिक व्हिडिओचा इतिहास सांगायची पद्धत आहे, पण फट त्याच्या आधीपासून आहे. १९६५ ला अमेरिकन गायक बॉब डिलन लंडनच्या एका हॉटेलामागच्या गल्लीत उभा राहून गाण्यातले शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून खाली टाकतो, गात नाही, ओठ पण हलवत नाही, आणि पुठ्ठ्यावरचे काही शब्द मुद्दाम चुकीचे आहेत. म्हणजे बघणारा वाचतोय एक आणि ऐकतोय थोडं वेगळं. खर्च किती, तर पुठ्ठे आणि एक मार्कर!

एमटीव्ही आल्यावर व्हिडिओ हा गाण्याच्या धंद्याचा भाग झाला आणि साचे पटापट पक्के झाले, रॉक बँड म्हणजे स्टेज, धूर, गिटारवर क्लोजअप. त्याच्या विरोधात १९८५ च्या सुमाराला रिप्लेसमेंट्स नावाच्या बँडने जे केलं ते मला अजून सगळ्यात धाडसी वाटतं, जवळजवळ अख्खा व्हिडिओ एका स्पीकरचा, त्या स्पीकरमधून गाणं वाजतंय, एक माणूस बाजूला बसून ऐकतोय, त्याचं तोंड पण दिसत नाही, आणि शेवटी तो उठून स्पीकरला लाथ मारतो. बस. बँडचा एकही चेहरा नाही.

दुसऱ्या टोकाला मेहनतीचे व्हिडिओ. नॉर्वेच्या आहा बँडच्या 'टेक ऑन मी'चा पहिला व्हिडिओ अगदी साधा होता आणि गाणं पण तेव्हा चाललं नव्हतं, १९८५ ला स्टीव्ह बॅरनने नवा बनवला, त्याच्यात खऱ्या शूटिंगवरून पेन्सिलने चित्रं काढली, साधारण ३००० फ्रेम, १६ आठवडे, आणि कॉमिकमधला मुलगा पानातून हात बाहेर काढतो तो क्षण लोक आजही विसरले नाहीत. १९८६ ला पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'साठी तो काचेखाली तासन्‌तास पडून राहिला आणि वरच्या वस्तू एकेक फ्रेमने हलवत त्याच्या चेहऱ्याभोवती नाचवल्या, पुढच्या वर्षी त्या एका व्हिडिओने एमटीव्हीची ९ बक्षिसं नेली. २००८ ला रेडिओहेड बँडने तर कॅमेराच वापरला नाही, लेझरने चेहरे आणि घरं मोजून त्या ठिपक्यांचा व्हिडिओ केला. आणि २०१८ चा चाइल्डिश गॅम्बिनोचा 'धिस इज अमेरिका', दिग्दर्शक हिरो मुराई, पुढे नाच चाललाय म्हणून आपली नजर नाचावर आणि मागे गोळीबार, पळापळ, आग. तिथे फट आवाज आणि चित्र यांच्यात नाही, एकाच चित्राच्या पुढच्या नि मागच्या भागात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली आगरी गाण्यांकडे आलो की लागेल.

आपल्याकडे

आपल्याकडे साचा सिनेमाने बनवला. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि छायागीत, चित्रहार बघत जी पिढी मोठी झाली तिच्यासाठी गाणं बघायचं म्हणजे हिरो-हिरोईन, बाग आणि कपडे बदलणं. ९०च्या दशकात चॅनल व्ही, एमटीव्ही आले तेव्हा सिनेमाबाहेरच्या गाण्यांना पहिल्यांदा स्वतःचा चेहरा मिळाला, १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', १९९६ ला लकी अलीचं 'ओ सनम' थेट इजिप्तच्या वाळवंटात.

पण साचा मोडायचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९९८ चं दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन'. त्याच्या व्हिडिओत खूप मॉडेल नाचतात म्हणून गाणी चालतात अशी टीका होत होती, तर त्याने व्हिडिओत दुसरं कोणी घेतलंच नाही, निळ्या पडद्यासमोर स्वतःच चार वेळा उभा राहिला, चार रंगाचे कपडे, चार दलेर एकमेकांबरोबर नाचतायत, मागे कॉम्प्युटरने काढलेले डोंगर. नंतर ही क्लिप भाषा न समजणाऱ्या देशांत पण इंटरनेटवर फिरली. टीकेला उत्तर व्हिडिओतच दिलं, हे मला फार आवडतं.

मराठीत २००२ च्या आसपास अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंतचं 'ऐका दाजिबा' आलं आणि मराठी ठेक्याचं गाणं हिंदी चॅनलवर वाजू शकतं हे कळलं. मग रॅपचं म्हणाल तर कुर्ल्याच्या नेझीने २०१४ ला 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओ पण आयपॅडवरच शूट केला. रॅपच्या ठरलेल्या साच्यात पैसा दाखवायचा असतो, इथे दाखवायला पैसा नव्हताच, तर त्याने मोहल्ला दाखवला, आणि पुढे काही वर्षांत तो मोहल्लाच नवा साचा झाला, प्रत्येक रॅपवाला पोरगा गल्लीत मागे वीस मित्र उभे करून हात हलवायला लागला. साचा मोडला की त्याचाच नवा साचा होतो, हे या क्षेत्रात सारखं होत राहतं.

खाडीच्या दोन्ही काठांवर

आता ठाणे-नवी मुंबई. ठाण्यात चेंदणी, कळवा, तिकडे ऐरोली, दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे अशी गावं आणि कोळीवाडे आहेत, आणि इथली आगरी-कोळी गाणी आधी कॅसेटवर, मग व्हीसीडीवर आणि आता यूट्यूबवर अशी चालत आलीयेत. लग्नाची हळद असेल तर अख्खी रात्र ही गाणी, बेंजो नाहीतर डीजे, आणि आज व्हिडिओ आला तर येत्या हळदीत त्यावर नाचणारी पोरं तयार. मागणी एवढी पक्की असल्यामुळे साचा पण पक्का आहे. सजवलेली होडी, नाखवा, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका, कंबरेला रुमाल, टोपी, भरपूर सोनं, एकवीरा आईचं एक दर्शन, शेवटी सगळे मिळून नाच. मी हा साचा वाईट म्हणत नाही, त्याच्यात आपलेपण आहे, आजीला लगेच कळतं की हे आपलं गाणं.

पण ह्या व्हिडिओंमधली एक गोष्ट मला खूप वर्षं टोचते. होडीचा शॉट लावताना कॅमेरावाला असा कोन शोधतो की मागचा टॉवर दिसणार नाही, पूल दिसणार नाही, विजेचा मनोरा दिसणार नाही. म्हणजे नवी मुंबईच्या खाडीत शूट करायचं आणि नवी मुंबई कापून टाकायची. आता खरी परिस्थिती बघा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली गेली, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन ५ जण गेले, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, आणि आज गावठाण आणि सेक्टर एकमेकांना चिकटून उभे आहेत. हळदीचा मांडव गावठाणात असतो आणि त्याच्यावर बावीस मजल्यांच्या बाल्कन्या असतात. हे सगळं गाण्यात नाही, पण चित्रात आहे, आयतं आहे, एक रुपया खर्च न करता. पुढे नाच आणि मागे गोष्ट, वर सांगितलेल्या अमेरिकन व्हिडिओत जे मुद्दाम रचावं लागलं ते इथे कॅमेरा दोन पावलं मागे घेतला की मिळतं.

जे थोडे व्हिडिओ टॉवर कापत नाहीत ते लगेच वेगळे उठून दिसतात. गाणं तेच, ठेका तोच, लुगडं तेच, पण जाळं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या मागून लोकल वाशीच्या पुलावरून जाते आणि गाण्याचा अर्थच हलतो. हाच हिशोब धवलारणीचा. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची जुनी गाणी, गाणारी धवलारीण असते, तिच्या आवाजाला डीजे लागत नाही, आणि व्हिडिओत ती आलीच तर दोन सेकंद, सजावटीसारखी. तिचा चेहरा तीन मिनिटं तसाच धरून ठेवला आणि आवाजात मात्र डीजेचं गाणं चालू दिलं तर काय होईल, याचा विचार मी दर हळदीत करतो. तिचे ओठ दुसरंच काहीतरी गातायत आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. याच्यापेक्षा मोठी फट कुठली.

फ्लेमिंगोचं मात्र उलट झालंय. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, आणि आता इथल्या व्हिडिओत गुलाबी पक्ष्यांचा ड्रोन शॉट हा नवीन साचा होऊन बसलाय, गाणं कशाचंही असो. पक्ष्यांच्या जवळ ड्रोन नेऊ नये हे वेगळं सांगायला लागू नये, आणि विमानतळाच्या आसपास तर तो परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

कमी पैशात काय काय होतं

ओठ गाण्याबरोबर आणि बाकी जग हळू, हा इफेक्ट बघून लोकांना वाटतं मोठा कॅमेरा लागत असेल. लागत नाही. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर शूट ५० फ्रेमवर करायचं, तिथे ब्लूटूथ स्पीकरवर गाणं दुप्पट स्पीडने लावायचं, गाणाऱ्याने तेवढ्याच घाईने ओठ हलवायचे, आणि एडिट करताना सगळं अर्ध्या स्पीडवर आणलं की ओठ बरोबर बसतात पण केस, पाणी, पदर हे सगळं तरंगायला लागतं. हाच खेळ उलटा पण होतो, कोल्डप्लेच्या २००२ च्या 'द सायंटिस्ट'साठी क्रिस मार्टिन अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकला, मग फिल्म उलटी चालवली तेव्हा तो सरळ गातोय आणि मागचं जग उलटं जातंय.

स्टॉप मोशनला, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून ते जोडायला, फक्त वेळ लागतो, ३ मिनिटांचं गाणं आणि सेकंदाला १२ फोटो म्हटले तरी २१६० फोटो होतात, शाळेच्या सुट्टीत दोघा-तिघांनी मिळून करण्यासारखं काम आहे. एका दमात घेतलेला व्हिडिओ, म्हणजे कट नाहीच, त्याला पैसे नाही तर तालीम लागते, २००६ ला ओके गो बँडच्या चौघांनी ट्रेडमिलवर नाचून तो प्रकार जगभर नेला. इथल्या खाडीत अजून एक फुकटची गोष्ट आहे, भरती-ओहोटी. साधारण सहा तासांत चिखलावर बसलेली होडी पाण्यावर येते, त्यामुळे कॅमेरा एका जागी बांधून ठेवला आणि गाणाऱ्याला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा त्याच जागी उभं केलं तर एका कडव्यात चिखल आणि दुसऱ्या कडव्यात पाणी, कॉम्प्युटरचं काही काम नाही. तेवढं भरतीचं टाइमटेबल बघून जायचं, आणि कोळीवाड्यातल्या कोणाला तरी बरोबर घ्यायचं, चिखलात पाय कुठे रुततो हे त्यांनाच माहीत असतं.

उभा फोन

गेल्या काही वर्षांत गाणं आधी रील म्हणून फिरतं आणि मग यूट्यूबवर बघितलं जातं, त्यामुळे फ्रेम आडवी होती ती उभी झाली, १६ बाय ९ चं ९ बाय १६. जुने कॅमेरामन याच्यावर वैतागतात कारण ग्रुप डान्स उभ्या फ्रेममध्ये मावत नाही, कडेची दोन-चार पोरं कापली जातात, आणि ते खरंय. पण आगरी-कोळी व्हिडिओचं याने एक वेगळंच झालं. आडव्या फ्रेममध्ये होडी दाखवून वरचं सगळं कापता यायचं, उभ्या फ्रेममध्ये नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घेतला की त्याच्या डोक्यावर अर्धी फ्रेम रिकामी उरते, आणि नेरुळ किंवा घोडबंदरला तुम्ही फोन उभा धरलात तर त्या अर्ध्या फ्रेममध्ये टॉवर येणारच. हळदीत पोरं मोबाइलवर जे शूट करतात त्याच्यात खाली पिवळे हात, मध्ये मांडवाच्या लाइटी आणि वर कुणाच्या तरी सतराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाहेर येऊन बघणारी दोन माणसं, हे दिसायला लागलंय.