ढगातून गाडी नेताना

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना जुलै-ऑगस्टमध्ये एक अनुभव हमखास येतो. पायथ्याला दाणोलीजवळ पाऊस असला तरी रस्ता लांबवर दिसत असतो. घाट निम्मा चढून होतो न होतो तोच एखाद्या वळणावर समोरचे सगळे पांढरे होऊन जाते आणि कठड्याचा पुढचा दगड तेवढा दिसत राहतो. आपण याला धुके म्हणतो. पण खरे तर तो ढगच असतो आणि आपण त्याच्या तळातून आत शिरलेलो असतो.

असे त्याच उंचीच्या आसपास का घडते, हे साध्या हिशेबाने कळते. अरबी समुद्रावरून येणारी पावसाळी हवा किनाऱ्यावर साधारण 27 अंश तापमानाची असते आणि तिच्यात इतके बाष्प असते की ती दोन-तीन अंश थंड झाली तरी थेंब धरू लागतात. सह्याद्रीच्या भिंतीला अडून ही हवा वर चढते, तेव्हा दर 100 मीटरला ती सुमारे एक अंशाने थंड होते. म्हणजे अडीचशे-चारशे मीटर उंची गाठेपर्यंत ढग तयार होतो, आणि आंबोली गाव तर समुद्रसपाटीपासून जवळजवळ 690 मीटर उंचीवर आहे. उत्तर भारतातले डिसेंबर-जानेवारीचे धुके याहून वेगळे असते. तिथे निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता सोडून थंड होते, तिच्यालगतची हवा गारठून धुके धरते आणि बहुतेक वेळा ऊन वर आले की ते विरते. घाटातला ढग मात्र वाऱ्याबरोबर सतत वाहत असतो. तो दिवसभर टिकू शकतो आणि दर मिनिटाला दाट-विरळ होतो. एका वळणावर रस्ता मोकळा दिसला म्हणून वेग वाढवावा, तर पुढच्याच वळणावर पुन्हा काही दिसेनासे होते.

दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत 200 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर दाट धुके आणि 50 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अतिदाट धुके. पण हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दृश्यमानतेची व्याख्या मुळात पांढुरक्या आकाशासमोरच्या मोठ्या, काळ्या वस्तूवरून केलेली आहे. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक धुक्यात अंतराबरोबर झपाट्याने घटत जातो: 50 मीटरवर तो मूळच्या 5 टक्के उरत असेल, तर 25 मीटरवर सुमारे 22 टक्के असतो. काळ्या वस्तूच्या बाबतीत एवढा फरक डोळ्याला पुरतो. पण चिखलाने राखाडी झालेला, मागचे दिवे बंद असलेला ट्रक मुळातच धुक्याच्या रंगाचा असतो. तो 50 मीटरवर दिसणार नाही. कदाचित 25 मीटरवरही नाही.

अशा वेळी हात आपसूक अपर लाइटकडे जातो, आणि नेमके तेच करू नये. धुक्याचे थेंब साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला विखुरतो, पण जो थोडा भाग मागे फिरतो तो लक्षावधी थेंबांवरून एकदम आपल्या डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लाइट डिपरवर ठेवली की झोत खाली झुकतो, डोळ्यांसमोरचे धुके कमी उजळते आणि रस्ता त्या मानाने बरा दिसतो. फॉगलाइटचा उपयोगही त्याच कारणाने होतो: ती बंपरमध्ये खाली बसवलेली असते आणि तिचा झोत रुंद, चपटा व वरच्या कडेला कापलेला असतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो हा समज फार जुना आहे, पण त्याला आधार नाही. आकाश निळे दिसते, कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असल्याने निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुक्याचे थेंब मात्र त्या तरंगलांबीच्या वीस-तीस पट मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते तेही यामुळेच.

इथवरचे सगळे भौतिकशास्त्र झाले. अधिक फसवणूक होते ती आपल्या मेंदूची. 1998 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आभासी रस्त्यावर दृश्य जसजसे धूसर केले तसतशी माणसे नकळत वेग वाढवत गेली, कारण फिके दृश्य डोळ्याला संथ सरकते आहे असे वाटते. पुढे 2012 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या प्रयोगात सगळा पडदा सारखाच धूसर केला होता. खऱ्या धुक्यात जवळचे स्पष्ट आणि लांबचे फिके दिसते, आणि तसे दृश्य दाखवल्यावर माणसांना आपला वेग आहे त्याहून जास्त वाटला व त्यांनी गाडी हळू केली. दोन्ही प्रयोग एकत्र वाचल्यावर मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की धुक्यात वेगाचा आपला अंदाज या ना त्या बाजूला चुकतोच. त्यामुळे ‘हळूच चाललोय की’ या भावनेला काही किंमत नाही. नजर अधूनमधून स्पीडोमीटरकडे गेलीच पाहिजे.

अंतराचेही तसेच. फिके दिसते ते लांबचे, असा मेंदूचा ठोकताळा असतो आणि निरभ्र दिवशी डोंगररांगा पाहताना तो बरोबर ठरतो. फ्रान्समध्ये कृत्रिम धुक्याच्या दालनात केलेल्या प्रयोगांत, पुढच्या गाडीचे मागचे दिवे आहेत त्याहून बरेच लांब असल्याचा भास लोकांना झाला. दोन दिवे असले तर त्यांच्यातल्या अंतरावरून थोडा अंदाज बांधता येतो. घाटात आमच्या पुढे एक टेम्पो होता, त्याचा डावा टेललाइट बंद होता. तो लाल ठिपका मला लांबच्या मोटरसायकलचा वाटत राहिला, आणि ताडपत्रीची दोरी दिसू लागली तेव्हा मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. तेव्हापासून घाट चढण्याआधी खाली उतरून स्वतःच्या गाडीचे मागचे दोन्ही दिवे फडक्याने पुसून, पेटतात का ते पाहतो. दिवसा पुढे आपोआप लागणारे छोटे दिवे पाहून लाइट चालू आहेत असे समजू नये. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंदच असतात. ज्या गाड्यांना मागे लाल फॉगलाइट असते त्यांनी ती अशा वेळी जरूर लावावी. साधा टेललाइट दहा-बारा कॅन्डेलाचा (कॅन्डेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असतो, तर ही 150 ते 300 कॅन्डेलाची असते. मात्र धुके ओसरताच ती बंद करावी, कारण स्वच्छ हवेत ती मागच्याचे डोळे दिपवते.

आता वेग किती असावा, याचा हिशेब. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरू आणि ओल्या रस्त्यावर सेकंदाला 4 मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असे मानू. ताशी 60 किलोमीटरला गाडी थांबेपर्यंत सुमारे 60 मीटर लागतात, 40 ला 32 मीटर आणि 30 ला 21 मीटर. उतारावर किंवा टायर झिजलेले असतील तर याहून जास्त. थांबलेला ट्रक 50 मीटरवरून दिसत असेल तर त्याच्यासाठी 40 चा वेग पुरेल. पण आंबोलीसारख्या दुहेरी वाहतुकीच्या अरुंद रस्त्यावर समोरची गाडी ओव्हरटेक करत आपल्या बाजूला आली, तर त्या 50 मीटरमध्ये दोघांनाही थांबायचे असते. म्हणजे आपल्या वाट्याला 25 मीटर येतात आणि वेग 30 च्या वर असता कामा नये. दिल्लीजवळून आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात हलक्या वाहनांची कमाल मर्यादा ताशी 100 वरून 75 वर आणली जाते. पण ओल्या रस्त्यावर 75 लासुद्धा वरच्या हिशेबाने 85 मीटर लागतात. नोव्हेंबर 2017 मध्ये याच मार्गावर धुरकट धुक्यात एकामागून एक गाड्या कशा आदळत गेल्या, ते चित्रफितींतून देशाने पाहिले आहे.

मीटर मोजायला रस्त्यात कोणी बसत नाही, म्हणून मी सेकंद मोजतो. कठड्याचा दगड किंवा झाड पहिल्यांदा दिसले की मनात एक हजार एक, एक हजार दोन म्हणायला लागायचे. तीन पुरे व्हायच्या आत ते बाजूला आले तर वेग जास्त आहे. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर हा आकडा पाच-सहा हवा.

काचेवर आतून धरणारी वाफ हे पावसाळ्यातले दुसरे धुके. एसी चालू करून वारा काचेकडे वळवला की ती लगेच निवळते, कारण एसीच्या थंड नळ्यांवर हवेतले बाष्प पाणी होऊन गळते आणि कोरडी हवा आत येते. वायपर फिरवूनही काच बाहेरून पुन्हा पुन्हा धुरकटत असेल तर ती फार थंड झाली आहे, असे समजून एसीचे तापमान वाढवावे.

चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जाण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती सोडायला हवी: बहुतेक गाड्यांत मग वळण्याची खूण देता येत नाही, आणि मागच्याला गाडी थांबली आहे की चालते आहे हे कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. गाडी रस्त्यातच बंद पडली तर ते लावावेत आणि माणसांनी आत बसून न राहता रस्त्यापासून लांब, शक्य तर कठड्यापलीकडच्या सुरक्षित जागी उभे राहावे. पण रस्ता पूर्ण सोडून चहाच्या टपरीच्या आवारात गाडी लावली असेल, तर ब्रेकवरचा पाय काढून मागचे दिवे बंद करावेत. कारण धुक्यात लाल दिवा दिसला की मागचा चालक तोच रस्ता समजून त्यामागे येतो.