एडिटरमधली हिरवी रेघ कोण ठरवतं?

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांकडून हमखास येणारा प्रश्न: "ज्यात गिट आधीपासूनच नीट बसवलेलं आहे असा एडिटर कोणता?" (एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, आणि गिट म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपून ठेवणारं.) उत्तरंही ठरलेली असतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाच्या २०२४ च्या पाहणीत सुमारे ७४ टक्के जणांनी व्हीएस कोड वापरत असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे पहिलं नाव त्याचंच येतं. जावावाला इंटेलिजे सुचवतो. एखादा मुरलेला माणूस ईमॅक्सचं नाव घेतो आणि मग विषय दुसरीकडेच जातो.

या उत्तरांत चूक काही नाही, पण त्यांचा आधार बहुतेक वेळा बटणं असतात. कमिटचं (आताची आवृत्ती नोंदवायचं) बटण आहे का, ब्रँच (कामाची वेगळी फांदी) बदलता येते का, पुश-पुल (दुसरीकडच्या प्रतीशी देवाणघेवाण) होतं का. आज ही बटणं जवळजवळ प्रत्येक एडिटरमध्ये आहेत. खरा फरक पडतो तो बघण्यात. दोन आवृत्त्यांत काय बदललं हे एडिटर तुम्हाला कसं दाखवतो, यावर. आणि इथेच एक मोठा गैरसमज आडवा येतो.

ओळींच्या क्रमांकांशेजारी एक बारीक रंगीत रेघ दिसते. व्हीएस कोडमध्ये नवी ओळ हिरवी, बदललेली निळी, आणि ओळ खोडली असेल तर तिथे छोटा लाल त्रिकोण. बऱ्याच जणांना वाटतं की आपण काय टाइप करतो, काय खोडतो हे गिट टिपून ठेवतं आणि एडिटर फक्त ती नोंद रंगवून दाखवतो. तसं काहीही घडत नाही. तुम्ही काय टाइप केलंत हे गिटला ठाऊक नसतं.

जुन्या प्रणाली काही प्रमाणात तशा होत्या. १९७० च्या दशकातली एससीसीएस आणि १९८० च्या दशकातली आरसीएस या दोन्ही आवृत्त्यांमधला फरक साठवत. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या मंडळींची बिटकीपर हे सॉफ्टवेअर फुकट वापरायची सोय बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं आणि वेगळी वाट धरली. गिट प्रत्येक कमिटच्या वेळी प्रत्येक फाइलचा त्या क्षणीचा अख्खा मजकूर धरतं. त्या मजकुरावरून १६० बिटांचा, म्हणजे ४० चिन्हांचा एक ठसा काढतं आणि त्या ठशाच्या नावानं तो ठेवतं. फाइल बदललीच नसेल तर ठसा तोच येतो, म्हणून पुन्हा साठवायची गरज पडत नाही. (जागा वाचवायला गिट नंतर सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र दाबून ठेवतं, पण ती गोदामातली रचना झाली, तिचा तुमच्या बदलांच्या इतिहासाशी संबंध नाही.)

शाळेत दरवर्षी वर्गाचा फोटो काढतात, तसं हे आहे. कोण नवीन आलं आणि कोण शाळा सोडून गेलं हे फोटोवर लिहिलेलं नसतं. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवून बघणाऱ्यानंच ते शोधायचं.

म्हणजे डिफ, दोन आवृत्त्यांमधला हा फरक, ही साठवलेली गोष्ट नाही. ती दर वेळी नव्यानं काढली जाते, आणि काढणारा जसा असेल तशी निघते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. फरक काढतात कसा?

हा प्रश्न जुना आहे. बेल लॅब्समध्ये डग मॅकिलरॉय यांनी युनिक्ससाठी 'डिफ' हा प्रोग्रॅम १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात केला. पण आज गिट डीफॉल्ट म्हणून जी रीत वापरतं ती युजीन मायर्स यांच्या १९८६ च्या शोधनिबंधातली. हेच मायर्स पुढे डीएनएच्या साखळ्या जुळवणाऱ्या 'ब्लास्ट' या प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या कर्त्यांपैकी एक झाले. दोन जनुकं ताडून बघणं आणि दोन फाइली ताडून बघणं, गणिताच्या दृष्टीनं सख्खी भावंडं आहेत.

एक लहान उदाहरण घेऊ. जुनी फाइल चार ओळींची: क, ख, ग, घ. नवी फाइलही चार ओळींची: ख, ग, च, घ. एकेक अक्षर म्हणजे एकेक ओळ समजा. पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशी तुलना केली, तर पहिल्या तीनही ओळी बदलल्या असं निघेल. माणसाला मात्र लगेच कळतं की वरचा क गेला आणि घ च्या आधी च आला. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

हे यंत्राला कळावं म्हणून चौकटींचा कागद घ्या. वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे जुन्या ओळी लिहा, डाव्या कडेला वरून खाली नव्या. डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून उजव्या खालच्या कोपऱ्यात पोचायचं आहे. एक घर उजवीकडे गेलात, म्हणजे जुनी ओळ खोडली. एक घर खाली उतरलात, म्हणजे नवी ओळ घातली. या दोन्ही चालींना प्रत्येकी एक रुपया पडतो. पण ज्या चौकटीत वरची आणि डावीकडची ओळ अगदी सारखी आहे, तिथे तिरकं जाता येतं आणि ती चाल फुकट. आपल्या उदाहरणात एकदा उजवीकडे जायचं (क गेला), मग दोनदा तिरकं (ख आणि ग तसेच), एकदा खाली (च आला), पुन्हा एकदा तिरकं (घ तसाच). पोचलो. खर्च दोन रुपये. सगळ्यात स्वस्त वाट शोधणं म्हणजेच सगळ्यात लहान डिफ शोधणं.

चार ओळींना हे सोपं आहे. दोन्ही फाइली दहा-दहा हजार ओळींच्या असतील, तर कागदावर १० कोटी चौकटी होतात. प्रत्येक चौकट तपासत बसलं तर तुम्ही एक अक्षर टाइप कराल आणि हिरवी रेघ उमटायची वाट बघत बसाल. मायर्स यांनी चौकटींचा नाद सोडला आणि तिरक्या रेषांकडे बघितलं. उजवीकडे जितकी घरं गेलो त्यातून खाली उतरलेली घरं वजा करा. तो झाला तुमच्या तिरक्या रेषेचा क्रमांक. उजवीकडे गेलात की क्रमांक एकानं वाढतो, खाली गेलात की एकानं कमी होतो, आणि फुकटच्या तिरक्या चालीनं बदलत नाही. म्हणजे शून्य रुपयांत तुम्ही फक्त शून्य क्रमांकाच्या रेषेवर असू शकता. एक रुपयात अधिक एक किंवा वजा एक. दोन रुपयांत वजा दोन, शून्य किंवा अधिक दोन. 'ड' रुपये खर्च झाल्यावर 'ड' अधिक एक इतक्याच रेषा उरतात.

आणि प्रत्येक रेषेवर एकच गोष्ट लक्षात ठेवायची: इतक्या पैशांत तिथे जास्तीत जास्त किती पुढे पोचलो. तेवढ्याच खर्चात त्याच रेषेवर मागे राहिलेल्यांना विसरून जायचं, कारण पुढे असलेला कधीच तोट्यात नसतो. आधी शून्य रुपयांत फुकट जाता येईल तितकं जायचं, मग एका रुपयात, मग दोन, आणि पहिल्यांदा जो शेवटच्या कोपऱ्याला टेकेल तो जिंकला. दहा हजार ओळींच्या फाइलीत २० ओळींचाच फरक असेल, तर अशी फक्त २३१ टोकं जपावी लागतात आणि त्यांच्या तिरक्या चाली चालाव्या लागतात. १० कोटी चौकटींना हात लावायची वेळच येत नाही. काम फाइलीच्या आकारापेक्षा फरकाच्या आकारावर अवलंबून राहतं, आणि माणसं एका वेळी थोडंच बदलतात. इथवर वाचताना कुठे गाडी अडली असेल तर एवढंच धरून चाला: यंत्र सगळ्यात लहान फरक शोधतं.

पण सगळ्यात लहान म्हणजे सगळ्यात अर्थपूर्ण नव्हे. सी किंवा जावामध्ये प्रत्येक फंक्शन एका बंद महिरपी कंसानं संपतं. दोन फंक्शनांच्या मध्ये तुम्ही तिसरं घातलंत. आता 'नवं काय' याची दोन उत्तरं आहेत: नव्या फंक्शनच्या पहिल्या ओळीपासून त्याच्या कंसापर्यंत, किंवा आधीच्या फंक्शनच्या कंसापासून नव्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत. दोन्हींचा खर्च सारखाच. पहिलं माणसाला पटतं, दुसरं वाचताना डोकं फिरतं. गिटमध्ये यावर तोडगा म्हणून ओळींचं इंडेंटेशन (ओळ किती आत सरकलेली आहे ते) बघून 'नव्या' ओळींचा पट्टा वर-खाली सरकवायची युक्ती घातली गेली आणि २०१७ च्या २.१४ या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. बिटटोरंटचा कर्ता ब्रॅम कोहेन यानं 'पेशन्स' नावाची वेगळीच रीत सुचवली: दोन्ही फाइलींत एकेकदाच येणाऱ्या ओळी आधी खुंट्यांसारख्या ठोकायच्या आणि मधला मजकूर नंतर जुळवायचा. गिटमध्ये तीही मागून घेता येते.

आता एडिटरकडे. बरेच एडिटर गिटला डिफ विचारतच नाहीत. व्हीएस कोड आणि इंटेलिजे गिटकडून जुना मजकूर मागून घेतात आणि फरक स्वतःच्या रीतीनं काढतात. म्हणून तोच बदल टर्मिनलमध्ये (जिथे आज्ञा टाइप करून थेट गिट चालवतात) एक दिसतो आणि एडिटरमध्ये वेगळा. कमिटमध्ये काही बिघडत नाही, कारण तिथे अख्खा मजकूरच जातो. पण तुम्ही फाइलीतला एकच तुकडा निवडून स्टेज करता (पुढच्या कमिटसाठी बाजूला काढता), तेव्हा तो तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एडिटरच्या डिफनं ठरवलेलं असतं. ईमॅक्ससाठीचं मॅजिट हे जोड-सॉफ्टवेअर गिटचाच डिफ दाखवतं. व्हिम या जुन्या एडिटरमध्ये २०१८ पासून गिट वापरतं तीच डिफ लायब्ररी आत आहे आणि रीतही निवडता येते. व्हिमबद्दल एवढं चांगलं पुरे. बाकी गिटसाठी तिथे प्लगिनच (जोड-सॉफ्टवेअरच) लागतात.

निवड करताना मी एक जागा हमखास तपासतो: मोकळ्या जागा. व्हीएस कोडची तुलनेची खिडकी ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेसमधला फरक मुळात लपवते. जावामध्ये हे चालून जातं. पायथनमध्ये एखादी ओळ चार स्पेस आत गेली की ती लूपच्या आत जाते आणि प्रोग्रॅमचा अर्थच बदलतो, आणि नेमका तोच बदल समोर दिसत नाही! सेटिंग एका क्लिकवर बदलतं, पण ते आहे हे आधी ठाऊक हवं. नवशिक्यांना पायथन शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला ते बदलून घ्यावं असं माझं मत आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराच्या फाइलीत 'दुसऱ्या' हा शब्द असतो. यातला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत) एकाच संकेतानं लिहिता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा दोन संकेतांनी. तिसरी जुनी पद्धत म्हणजे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण गिट अक्षरं बघत नाही, बाइट बघतं. कीबोर्ड बदलला की ओळ लाल-हिरवी होते आणि डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. असं झालं की लोक फोल्डर उडवून रेपो (गिटनं जपलेला अख्खा प्रकल्प) पुन्हा क्लोन करतात, म्हणजे नव्यानं उतरवून घेतात. हा निव्वळ टोटका आहे, दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहण्याइतकाच परिणामकारक. अदृश्य चिन्हं उघड करून दाखवायची सोय एडिटरमध्ये आहे का, हे बघा. विंडोज आणि लिनक्समधल्या ओळ संपवण्याच्या खुणांचंही तेच. व्हीएस कोड ती खूण खालच्या पट्टीत दाखवतो, हे त्याचं कौतुक.

मर्जबद्दल, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करण्याबद्दल, थोडक्यात. दोघांनी एकच ओळ बदलली की कॉन्फ्लिक्ट होतो. तो सोडवताना तुमची आणि समोरच्याची अशा दोन आवृत्त्या पुरत नाहीत. दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ आवृत्ती लागते, नाहीतर कोणी काय बदललं हे कळायचं कसं? इंटेलिजेची तीन खणांची खिडकी यासाठी अजूनही मला सगळ्यांत सरस वाटते. व्हीएस कोडनं असा मर्ज एडिटर २०२२ मध्ये आणला.

सध्या जाहिराती असतात त्या कमिटचा संदेश आपोआप लिहून देणाऱ्या एआयच्या. बहुतेक वेळा त्याच्यासमोर असतो तो हाच डिफ. काय बदललं हे तो झकास सांगेल. का बदललं हे त्या डिफमध्ये सहसा नसतंच. गाजावाजा बघून एडिटर धरण्यात आणखीही एक धोका असतो. गिटहबचा ॲटम एके काळी सगळ्यांच्या तोंडी होता. १५ डिसेंबर २०२२ ला तो बंद झाला. त्याच्याच कर्त्यांचा झेड हा नवा एडिटर वेगवान आहे, पण त्यात गिटची स्वतःची सोय यायला २०२५ उजाडलं.

तेव्हा डाउनलोड करण्याआधी नाही, तर केल्यावर लगेच एक चाचणी रेपो करा. त्यात एक पायथनची फाइल असू द्या जिची एक ओळ आत सरकवली आहे, एक जावाची, जिच्यात मध्येच नवं फंक्शन घातलं आहे, आणि एक मराठी मजकुराची, जिच्यात 'दुसऱ्या' दोन पद्धतींनी लिहिलं आहे. आधी टर्मिनलमध्ये डिफ बघा, मग एडिटरमध्ये. जिथे दोन्ही वेगळे दिसतील तिथे एडिटरचं सेटिंग शोधा. सेटिंगच नसेल, तर पुढचा एडिटर उघडा.