गुटका (लघुपोथी)

झोळीत किंवा अंगरख्याच्या खिशात सहज मावेल अशा लहान आकाराच्या, कडेने शिवलेल्या ग्रंथाला गुटका म्हणतात. लहान गोळी या अर्थाच्या ‘गुटिका’ या संस्कृत शब्दाशी या नावाचा संबंध जोडला जातो. पोथीची पाने आडवी व सुटी असून ती लाकडी पाट्यांमध्ये ठेवून रुमालात बांधतात. गुटका मात्र पुस्तकासारखा उघडतो, त्यामुळे वाटेत, झाडाखाली बसून वाचतानाही त्याची पाने विखुरत नाहीत. पाश्चात्त्य संग्राहक साधारणपणे तीन इंचांपर्यंतच्या पुस्तकालाच लघुग्रंथ मानतात. गुटक्याला असे ठरीव माप नाही. तो सदैव जवळ बाळगता यावा, एवढेच त्याच्या आकारामागचे गमक.

मराठवाड्यात या आकाराला सर्वांत साजेसा ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथाचा दृष्टांतपाठ होय. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरांनी निरूपणाच्या ओघात सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात संकलित केले असून, प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी त्याचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक अशी मांडणी आहे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांपैकी ज्याचा हात पायाला लागतो त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कानाला लागतो त्याला सुपासारखा. अंशालाच पूर्ण समजण्याची चूक थोड्याच ओळींत पुढे उभी राहते. इतक्या आटोपशीर कथा एकेका बैठकीत वाचून मनात घोळवता येतात, आणि सतत अटन म्हणजे भ्रमण करणाऱ्या साधकाला याहून सोयीचे वाचन क्वचितच मिळेल. पंथाचे पुष्कळ वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले गेल्यामुळे ते दीर्घकाळ पंथाबाहेरच्या वाचकांना अपरिचित राहिले.

जुन्या लेखनासाठी नावाजलेला दौलताबादी कागद दौलताबाद–खुलताबाद रस्त्यावरील कागजीपुऱ्यात हाताने बनवला जाई. कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूच्या टोकाची शाई फुटत नसे. लहान पानावर तर हे फार महत्त्वाचे, कारण तेथे एक अक्षर फुटले तरी शेजारची दोन गिळली जातात. काजळी व डिंकाची काळी शाई मजकुरासाठी, हिंगुळाची तांबडी दंडांसाठी (विरामाच्या उभ्या रेघांसाठी) आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ, असा क्रम असे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार येथूनच आला.

ग्रंथाच्या शेवटी लेखनिक बहुधा शक, तिथी व स्थळ नोंदवतो आणि तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून ग्रंथ राखावा अशी विनवणी करतो. गुटक्याच्या बाबतीत यांतली तिसरी विनवणी विशेष लागू पडते. शिवण उसवली म्हणून तो नव्याने बांधताना कडा कापल्या, तर पत्रांक (पानांचे क्रमांक) आणि समासातल्या दुरुस्त्या कायमच्या नष्ट होतात. म्हणून असा गुटका घरात सापडल्यास तो समईच्या तेलापासून व धुरापासून दूर, कोरड्या सुती कापडात आडवा ठेवावा आणि शिवण जाणकाराकडूनच, कडांना कात्री न लावता करून घ्यावी.