खारेपाटाखालची चिकण आणि हेलिकॉप्टर

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीत, उन्हाळा तापला की शेतावर मिठाची पांढरी साय धरते. पावसाळ्यात तेच मीठ पाण्याबरोबर वाहून जातं, पण खाली घट्ट चिकण, म्हणजे चिकणमातीचा थर, असेल तर पाणी नीट मुरत नाही आणि बरंचसं मीठ जागच्या जागी राहतं. उलट हीच चिकण खोलवरच्या खाऱ्या पाण्याला वर यायला अडवतेही. म्हणून ती किती जाड आहे आणि कुठे विरळ होते, हे कळणं मोलाचं.

सरकारने मात्र वरचा बांधच पाहिला. 1948 चा मुंबईचा खारजमीन कायदा असो की 1979 चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा, भर भरतीचं पाणी थोपवण्यावर. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं सोसणारे भाताचे वाण दिले, तेही वरच्या मातीपुरतं. खालच्या थरांची विचारपूस कमीच झाली.

आकाशातून ती विचारपूस करण्याचं तंत्र खाणवाल्यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात धातूची खनिजं शोधण्यासाठी विमानातून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण सुरू झालं. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या वेटोळ्यात प्रवाह सोडून तो एकदम तोडला, की जमिनीत क्षीण प्रवाह उठतात. ते किती वेळात विरतात यावरून खालचा थर वीज किती वाहून नेतो ते समजतं. चिकण आणि खारं पाणी दोन्ही चांगले वाहक. कोरडा बसाल्ट अगदी उलट.

खारटपणासाठी या तंत्राचा खरा कस ऑस्ट्रेलियात लागला. मरे नदीकाठच्या रिव्हरलँड भागात ब्लँचटाउन चिकण नावाचा थर आहे. तो पातळ असेल तिथे सिंचनाचं पाणी खाली झिरपतं, खारं भूजल नदीकडे ढकललं जातं. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने या थराचे नकाशे काढले गेले, म्हणजे झिरप कमी करायचे उपाय नेमके कुठे करायचे ते ठरवता यावं. डेन्मार्कमध्ये आरहुस विद्यापीठाच्या गटाने पिण्याच्या पाण्यासाठी स्कायटेम ही अशीच हेलिकॉप्टरखाली टांगायची यंत्रणा उभी केली. भारतात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळाने मागच्या दशकात हाच मार्ग धरला. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागेचं पाणलोट क्षेत्र त्यात होतं. पुढे 2021 पासून राजस्थान, गुजरात, हरियाणातल्या कोरड्या पट्ट्यावर उड्डाणं झाली.

कोकणात मात्र हे काम जास्त किचकट, असं मला वाटतं. खाडीलगत चिकणही ओली नि खारी, वाळूतलं पाणीही खारं. यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून नकाशासोबत बोअरमधली माती काढून पाहावीच लागते, विहिरींचं पाणी तपासावंच लागतं. उच्चदाबाच्या तारा संकेत बिघडवतात, त्यामुळे वस्तीजवळचे पट्टे बाजूला ठेवावे लागतील. मोकळ्या खाजणावर, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीवर, अडचण कमी. सुरुवात तिथूनच व्हावी.