शेवटच्या पाळीचा कॉलम आला कुठून

नाशकात एका लॅबमध्ये मी हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या विभागात, टेक्निशियनचं काम करते, त्यामुळे हा प्रकार आठवड्यातून दोनदा तरी होतोच. क्युरेटिंगचा, म्हणजे गर्भपिशवीचं आतलं अस्तर खरवडून काढलेला नमुना येतो, छोटी बाटली, फॉर्मलिनच्या (नमुना टिकवायच्या द्रावणाच्या) तळाशी बसलेले चारदोन तुकडे, फॉर्मवर नाव, वय सगळं भरलेलं आणि शेवटच्या पाळीची तारीख तेवढी कोरी. मग फोन करा. सिस्टर म्हणते, "ताई, इतकं महत्त्वाचं आहे का ते?" आहे हो, आणि त्या कोऱ्या कॉलमपायी एकेकाळी चांगल्या चांगल्या डॉक्टरांनी धडधाकट बायकांना आजारी ठरवलंय.

सुरुवात जरा मागून करते. 1672 साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफ या डॉक्टरने बीजकोशावरच्या पाण्याने भरलेल्या फुग्यांचं नीट वर्णन करून छापलं आणि त्याला वाटलं हेच अंडं. गंमत म्हणजे सशांच्या बीजवाहिनी नळीत सापडलेली अंडी या फुग्यांपेक्षा कितीतरी लहान असतात हे त्याने पाहिलंही होतं, पण हिशोब काही लागला नाही, आणि पुढच्याच वर्षी बिचारा अवघ्या 32 वर्षांचा असताना गेला. खरं अंडं दिसायला 1827 उजाडलं. प्रशियातल्या कोनिग्सबर्गला फॉन बेअर या शास्त्रज्ञाने कुत्रीच्या बीजकोशातला फुगा फोडला, आतला पिवळट ठिपका मायक्रोस्कोपखाली धरला, आणि ते होतं अंडं. बाईचं अंडं जेमतेम 0.1 मिलिमीटरचं. म्हणजे आपल्याकडे सोनोग्राफी करून आल्यावर "अंडं 18 एमएमचं झालंय" असं सांगतात ना, ते अंडं नसतंच, तो द ग्राफचा फुगा.

तारखेचा घोळ मात्र गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा. हे अस्तर दर महिन्याला वाढतं नि गळून जातं, त्यामुळे पाळीनंतर आठवड्याने घेतलेला तुकडा आणि पाळीच्या तोंडावर घेतलेला तुकडा शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला वाटेल दोन वेगळे अवयव आहेत. आधी ग्रंथी सरळ, बारीक नळ्यांसारख्या. मग अंडं सुटल्यावर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 17व्या दिवसाच्या आसपास, पेशींमध्ये केंद्रकाच्या खाली पांढरे पोकळ ठिपके एका रांगेत दिसतात, इतके शिस्तीत की मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं स्लाइड बनवताना माझंच काहीतरी चुकलं. पुढे ग्रंथी नागमोडी होतात, आत स्राव भरतो, अस्तर सुजल्यासारखं फुगतं.

एकोणिसाव्या शतकात हे शेवटचं रूप बघून डॉक्टर सरळ "सूज" लिहायचे, त्या सुजेचे प्रकारसुद्धा पाडलेले, कारण पाळीचा कितवा दिवस हे कुणी विचारतच नव्हतं. 1908 मध्ये व्हिएन्नाच्या हिट्शमन आणि अॅडलर या दोन डॉक्टरांनी तुकडे पाळीच्या दिवसाप्रमाणे लावून पाहिले आणि दाखवून दिलं की बाबांनो हा आजार नाही, महिन्याचं नेहमीचं चक्र आहे. सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. (आपल्याकडे "पिशवीला सूज आहे" हे वाक्य अजून किती सहज फेकतात ते सांगायला नको.)

त्यानंतर कामाला वेग आला. 1917 मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ या संशोधकांनी गिनीपिगच्या योनीतला स्राव काचेवर पसरून चक्राचा टप्पा ओळखायची युक्ती काढली, म्हणजे पापानिकोलाऊच्याच नावाची, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची आजची पॅप टेस्ट मुळात दिवस ओळखायच्या धडपडीतून निघाली. 1940 मध्ये मार्की नावाच्या संशोधकाने तर कमालच केली, माकडिणीच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्यात लावला नि पाळी येताना रक्तवाहिन्या आवळतात कशा ते बाहेरून बघितलं. शेवटी 1950 मध्ये नॉयस, हर्टिग आणि रॉक या डॉक्टरांनी अंडं सुटल्यानंतरचा एकेक दिवस अस्तरावरून कसा ओळखायचा ते लिहून ठेवलं. त्यावर पुढे शंका निघाल्या, दिवस इतका नेमका सांगता येत नाही म्हणून, पण बायोप्सीचं, म्हणजे अशा तुकड्यांचं, वाचन अजून त्याच खुणांवर चालतं.

परवा आलेल्या अशाच एका कोऱ्या तारखेच्या फॉर्मचं सांगायचं राहिलं. सिस्टरने पेशंटला विचारून परत फोन केला, "तारीख आठवत नाही म्हणतात, पण संकष्टीच्या आदल्या दिवशी आली होती." भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोटांवर मोजलं, क्युरेटिंगच्या दिवशी 23वा दिवस निघाला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड लावली, ग्रंथी नागमोडी, आत स्राव. सूज वगैरे काही नव्हती.