दार लागलं की कायदा बदलतो : अमेरिकेत मोटारीतून उघडपणे पिस्तूल नेण्याची पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनिया राज्यात शस्त्र बाळगायला कायद्याने पात्र असलेला माणूस कमरेला सर्वांना दिसेल असं पिस्तूल लावून रस्त्याने चालत गेला, तर त्याला परवाना लागत नाही. फिलाडेल्फिया शहरासाठी तेवढं कायद्यात वेगळं कलम आहे. तोच माणूस तेच पिस्तूल घेऊन स्वतःच्या गाडीत बसला की मात्र परवाना हवाच. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफ या अधिकाऱ्याकडून मिळतो आणि पाच वर्षं चालतो. परवाना नसेल तर होणारा गुन्हा किरकोळ नसतो. मिशिगनमध्येही हीच गत : पायी ‘ओपन कॅरी’, म्हणजे पिस्तूल उघड नेणं, चालतं, पण गाडीत पिस्तूल दिसतं की लपवलेलं आहे याला महत्त्व नाही, परवाना लागतोच. शेजारच्या राज्यात पुन्हा तिसराच नियम. हा गोंधळ कुणा एकाने घातलेला नाही. दोनशे वर्षांत वेगवेगळ्या भीतीपोटी केलेले कायदे एकावर एक साचले आणि त्यांतला एकही पूर्ण पुसला गेला नाही.

सुरुवातीला वाद लपवण्याचा होता. केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी 1813 मध्येच लपवून शस्त्र नेण्यावर बंदी घातली. त्या काळची समजूत अशी की सरळ माणूस शस्त्र उघड बाळगतो आणि दगा देणारा कोटाखाली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1846 मध्ये ‘नन’ खटल्यात हीच रेघ ओढली : लपवण्यावरची बंदी ग्राह्य, पण उघड नेण्यावरची बंदी घटनाबाह्य. आज ‘ओपन कॅरी’चे समर्थक ज्या निकालांकडे बोट दाखवतात, त्यांत हा वरचा आहे.

टेक्सासने वेगळी वाट धरली. यादवी युद्धानंतरच्या धामधुमीत, 1871 मध्ये, तिथे अंगावर, खोगिरावर किंवा खोगिराच्या पिशवीत पिस्तूल बाळगणंच बंद झालं. उघड असो वा लपवून. ‘काउबॉयचं राज्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेक्सासात उघड पिस्तूल जवळपास दीडशे वर्षं बेकायदा होतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. त्या कायद्यात प्रवाशाला मात्र सूट होती. गावाबाहेरच्या वाटेवर लुटारू भेटतील आणि मदतीला कुणी नसेल, हे सगळ्यांना मान्य होतं. पण प्रवासी म्हणायचं कुणाला? किती अंतर, किती वेळ, वाटेत मुक्काम झाला की नाही, यावर तिथली न्यायालयं पुढे शतकभर घोळत राहिली. 2005 मध्ये विधिमंडळाने ‘या अटी पाळणारा माणूस प्रवासी आहे असं गृहीत धरा’ असं लिहून पाहिलं, तरी अटका थांबल्या नाहीत. अखेर 2007 मध्ये स्वतःच्या गाडीत परवान्याशिवाय पिस्तूल ठेवायची मुभा थेट कायद्यात आली. अट एकच महत्त्वाची : ते बाहेरून दिसता कामा नये.

खोगिराची जागा मोटारीने घेतली तेव्हा सरकारांना प्रवासी नव्हे, पळून जाणारा दरोडेखोर दिसू लागला. दारूबंदीच्या काळात बँक लुटायची आणि तासाभरात काउंटीची किंवा राज्याची हद्द ओलांडायची, हे मोटारीमुळे सोपं झालं. सर्वोच्च न्यायालयाने 1925 च्या ‘कॅरोल’ खटल्यात वॉरंटशिवाय गाडी झडतीची वाट मोकळी केली, ती याच काळात. 1920 च्या दशकात राज्यांसाठी नमुन्यादाखल तयार झालेल्या एकसमान शस्त्र कायद्यात एक शब्दप्रयोग आला : ‘कोणत्याही वाहनात, किंवा अंगावर लपवून’ पिस्तूल नेण्यास परवाना हवा. पेनसिल्व्हेनियाने तो 1931 मध्ये उचलला, वॉशिंग्टन राज्याने 1935 मध्ये. पेनसिल्व्हेनियाच्या नियमाचं कोडं इथे सुटतं. त्या एका शब्दप्रयोगामुळे गाडीतलं उघड पिस्तूल कायद्याच्या नजरेत लपवलेल्या पिस्तुलाच्या पंगतीला बसलं, ते आजतागायत.

कॅलिफोर्नियातली भीती आणखी वेगळी. ओकलंडमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन, गाडीतून पोलिसांच्या मागे फिरत आणि अटकेच्या वेळी अंतर राखून उभे राहत. तेव्हाच्या कायद्यात हे बसत होतं. 2 मे 1967 रोजी ते शस्त्रांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. जुलैमध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी मलफर्ड कायद्यावर सही केली आणि शहरांतल्या रस्त्यांवर व गाडीत भरलेलं शस्त्र नेणं बंद झालं. रिकामं पिस्तूल उघड नेण्याची उरलेली वाटही 2012 पासून मिटली. मलफर्ड कायदा रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने आला, हे आजच्या पक्षीय वादात सोयीने विसरलं जातं.

रस्त्याच्या कडेला पोलिस गाडी थांबवतात तेव्हा आज जे घडतं, त्याची घडी पुढच्या दोन निकालांनी बसवली. 1977 च्या ‘मिम्स’ खटल्यात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी गाडी थांबवली होती. चालक बाहेर आला तेव्हा कोटाखाली फुगवटा दिसला आणि कमरेला भरलेलं .38 रिव्हॉल्व्हर निघालं. पोलिस चालकाला गाडीबाहेर यायला सांगू शकतात, असं न्यायालयाने ठरवलं. 1983 च्या ‘लाँग’ निकालाने धोक्याची वाजवी शंका असल्यास बसण्याच्या भागात शस्त्रासाठी झडती घ्यायला परवानगी दिली. शस्त्र कायदेशीर असलं तरी पोलिस थांबवलेल्या वेळेपुरतं ते स्वतःकडे घेऊ शकतात, ही प्रथा यातूनच रुळली.

म्हणून जाणकार एक क्रम पाळायला सांगतात. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा आणि पोलिस जवळ येण्याआधी दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर ठेवा. कागदपत्रं आधीच खिशातून काढून सनव्हायझरला लावलेली बरी. होल्स्टरजवळच्या, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाजवळच्या, खिशातलं पाकीट हा नेहमीचा घोळ असतो. ‘गन’ या शब्दाने वाक्य सुरू करू नये. आधी परवाना आहे हे सांगावं, मग पिस्तूल कुठे आहे ते, आणि मग ‘मी काय करू?’ असं विचारून थांबावं. मिशिगनमध्ये परवानाधारकाने विचारण्याआधीच सांगणं बंधनकारक आहे; टेक्सासात ओळखपत्र मागितलं की त्यासोबत शस्त्रपरवानाही दाखवायचा. जुलै 2016 मध्ये मिनेसोटात परवानाधारक काळे चालक फिलँडो कॅस्टिल यांनी पोलिसाला शस्त्राबद्दल स्वतःहून सांगितलं, तरी काही क्षणांत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तो अधिकारी पुढे निर्दोष सुटला. क्रम पाळला म्हणजे जीव सुरक्षित राहतोच असं म्हणायला त्या घटनेने जागा ठेवलेली नाही, आणि काळ्या चालकांसाठी ही भीती खरी आहे.

आता 1986 चा संघीय कायदा, ज्याचा सर्वाधिक चुकीचा अर्थ लावला जातो. त्यातल्या कलम 926अ ने राज्याराज्यांतून जाणाऱ्याला संरक्षण दिलं : जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार तिथे पिस्तूल बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्याचा कायदा आड येत नाही. पण त्यासाठी पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत, म्हणजे एसयूव्ही किंवा पिकअपमध्ये, कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा सीटमधला कन्सोल त्यात मोजत नाहीत, कुलूप असलं तरी. म्हणजे हे कलम वाहून नेण्याचं आहे, कमरेला लावून नेण्याचं अजिबात नाही. होल्स्टरमधलं पिस्तूल घेऊन पेनसिल्व्हेनियातून डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरणाऱ्या माणसाला पुलाच्या मध्यापासून पुढे हे संरक्षण मिळत नाही.

हे संरक्षण किती पातळ आहे, ते युटाच्या एका प्रवाशाच्या खटल्यात दिसलं. 2005 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर त्याचं पुढचं विमान चुकलं, कुलूपबंद पिस्तूल असलेली बॅग त्याच्या हाती आली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने स्वतःहून शस्त्र जाहीर केलं आणि अटक झाली. अपील न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलं, हॉटेलात ती बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून कलम लागू नाही. त्याच वर्षी दुसऱ्या अपील न्यायालयाने ठरवलं की या कलमाच्या आधारे अटकेची भरपाईही मागता येत नाही. तेव्हा न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमधून जाताना पेट्रोलपुरतं थांबावं, मुक्काम त्या हद्दीबाहेर करावा.

लपवून पिस्तूल नेण्याच्या परवान्यांची लाट 1987 मध्ये फ्लोरिडातून उठली. टेक्सासात तिला जोर आला तो 16 ऑक्टोबर 1991 च्या किलीनमधल्या एका उपाहारगृहातल्या हत्याकांडाने. सुझॅना हप यांचे आईवडील त्या उपाहारगृहात मारले गेले. सुझॅना यांचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर कायद्याच्या धाकाने बाहेर गाडीत राहिलं होतं. 1995 चा परवाना कायदा त्यांच्या साक्षींमुळे पुढे सरकला. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना उघड पिस्तूल लावता येऊ लागलं, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला त्यासाठी परवानाही लागेनासा झाला. गाडीत दिसणारं पिस्तूल मात्र होल्स्टरमध्येच हवं. 2024 पर्यंत परवान्याशिवाय पिस्तूल नेऊ देणारी राज्यं 29 झाली होती.

तरीही जाणते लोक परवाना काढतातच, आणि कारण शाळा हे आहे. 1996 मध्ये पुन्हा मंजूर झालेल्या संघीय कायद्यानुसार शाळेपासून 1000 फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर शस्त्र चालत नाही. सूट आहे ती त्याच राज्याच्या परवानाधारकाला, किंवा रिकामं शस्त्र कुलपात असेल तर. गावातून गाडी चालवताना शाळा टाळता येत नाही.

होल्स्टरची अट कायद्याने उशिरा घातली. ती अनुभवाने आधीच घातली होती. सीटवर मोकळं ठेवलेलं पिस्तूल पहिल्या जोरदार ब्रेकला पेडलजवळ जातं आणि चालक वाकून ते शोधू लागतो. स्टिअरिंगखाली चुंबकाला चिकटवलेल्या पिस्तुलाला होल्स्टर म्हणता येत नाही : ट्रिगर उघडा राहतो, आणि गुडघ्याजवळची एअरबॅग फुटली तर ते कुठे उडेल याचा नेम नाही. ट्रिगरगार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पूर्ण झाकणारं, कडक, झटक्याने न सुटणारं होल्स्टर पट्ट्याला पक्कं हवं. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून सीटबेल्टचं बकल नेमकं उजव्या नितंबाशी, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाच्या होल्स्टरपाशी येतं. मांडीवरचा पट्टा पिस्तुलाच्या मुठीखालून, अंगालगत घ्यावा. वरून घेतला तर तो अपघातात कंबरेवर नीट बसत नाही, शिवाय पिस्तूल झाकलं जातं. जॅकेटही मुठीच्या मागे सारावं, कारण जिथे फक्त उघड नेण्याची मुभा आहे, तिथे जॅकेटखाली गेलेलं पिस्तूल लपवलेलं ठरू शकतं. अनवधानाने गोळी सुटण्याचे प्रसंग बहुतेक पिस्तूल काढता-घालताना येतात : अरुंद जागेत नळी मांडीकडे वळते, जॅकेटची नाडी ट्रिगरगार्डमध्ये अडकते. म्हणून ते घरातच होल्स्टरसकट लावावं. जिथे नेता येत नाही तिथे उतरायचं असेल, तर पिस्तूल होल्स्टरसकट सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेल्या पेटीत ठेवावं. काच फोडून पिस्तूल नेणाऱ्या चोराला ग्लोव्ह बॉक्सचं कुलूप अडवत नाही.

न्यू जर्सी, टेक्सास, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मराठी मंडळींची वस्ती मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी वरच्या सगळ्याच्या आधी 1998 ची एक दुरुस्ती येते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, म्हणजे एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, किंवा मुलांकडे आलेल्या आईवडिलांच्या बी-2 व्हिसावर, पिस्तूल किंवा गोळी ताब्यात ठेवणं हाच संघीय गुन्हा आहे. 2022 पासून कमाल शिक्षा 15 वर्षं. मुख्य अपवाद एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असण्याचा. ग्रीनकार्डधारकाला ही बंदी नाही. ताबा म्हणजे फक्त मालकी नव्हे : गाडीत पिस्तूल आहे हे माहीत असणं आणि ते वापरू शकेल अशा स्थितीत असणं, एवढ्यावरही खटला उभा राहू शकतो. मित्राच्या गाडीने लांब जायचं असेल आणि वाटेत व्हिसावरचा माणूस स्टिअरिंग घेणार असेल, तर पिस्तूल रिकामं करून डिकीतल्या कुलूपबंद पेटीत ठेवावं आणि पेटीची किल्ली मालकाच्या खिशात असावी. मालक सोबत येणार नसेल, तर ते त्याच्या घरीच ठेवावं.