कागद तरंगतो, काठ कोसळतो

‘दोन दिवसांत बागेत तळं’ अशा धर्तीचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर बरेच फिरतात. खड्डा खणा, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरा, कडेला दगड लावा, पाणी सोडा, की चतुर आणि बेडूक आपोआप हजर. सोलापूर-बीडकडच्या माळावर ही कृती चालून जाते. पण अलिबाग-मुरूडकडे भातखाचरालगत चार गुंठे घेतलेली मंडळीही तेच करतात, आणि जुलैत बघतात तर तळ्याच्या मधोमध कागदाची म्हशीसारखी काळी पाठ वर आलेली! मग कुणी त्यावर धोंडे टाकतं, कुणी कागद विकणाऱ्याला शिव्या घालतं. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

शेततळ्याचा नेहमीचा कागद 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. एक चौरस मीटर तुकडा भरतो जेमतेम अर्धा किलो, आणि हे प्लास्टिक मुळात पाण्यापेक्षा किंचित हलकंच असतं. आता बाहेरच्या जमिनीतलं पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा नुसतं वीतभर, समजा 20 सेंटिमीटर, उंच आहे असं धरा. कागदाच्या दर चौरस मीटरला खालून 200 किलो वजनाएवढा रेटा बसतो. त्यापुढे धोंडे किती टाकणार? आणि पातळी आत-बाहेर सारखीच राहणार असेल, तर कागद हवाच कशाला? जमिनीतलं पाणी वर आलेल्या जागी तळं भरावं लागत नाही, ते उघडं करावं लागतं.

मात्र जमीन ओली दिसली म्हणजे भूजल वर आलं, असंही नाही. भाताच्या जमिनीत वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते. तिने मातीचे कण बारीक होऊन खाली घट्ट थर बसतो आणि पाणी त्यावर अडकून राहतं. इथे उत्साहाने खोल खणलं की तो थर फुटतो आणि पाणी झिरपून निघून जातं. पाणथळ जागेत खणलेलं तळं कोरडं! ओळखायचं कसं? पीव्हीसीचे दोन पाइप शेजारीशेजारी पुरा, एक दोन फूट खोल, दुसरा सहा फूट. तोंडं दोन्हीकडून उघडी ठेवा आणि पाइपाभोवतीची फट चिकण मातीने ठासून भरा, नाहीतर वरचं पाणी कडेने खाली उतरून फसवेल. दोन-तीन दिवसांनी सुतळी सोडून पातळी मोजा. दोन्हीकडे सारखी असेल तर ते खरं भूजल. खोल पाइपात पाणी बरंच खाली असेल तर पाणी वरच अडकलेलं आहे, तेव्हा उथळच खणा. आणि खोल पाइपात ते वर चढलेलं दिसलं, तर खालून झरा रेटतो आहे. अंगणात विहीर असेल तर भर पावसातल्या पातळीची आतल्या भिंतीवर रंगाने खूण करून ठेवा. खोदाई करायची एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा पाणी कुठवर चढतं हे कुणालाच आठवत नसतं.

अशा जमिनीत पाणाड्या बोलावणारेही आहेत. तळहातावरचा नारळ उभा राहिला, तिथे पाणी लागलं. श्रावणात या पट्ट्यात कुठेही फावडं मारलं तरी पाणीच लागणार! नारळाची परीक्षाच घ्यायची तर पाणी कुठे लागणार नाही ते त्याला विचारावं.

आता माझ्या आवडीचा भाग, काठ. मातीचे दाणे एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्यांच्यातल्या घर्षणावर उतार उभा असतो. फटींमधल्या पाण्यावर दाब असला, की वरच्या वजनाचा काही हिस्सा पाणीच पेलतं. दाण्यांच्या वाट्याला जे उरतं, तेवढ्यावरच घर्षण मिळतं, कारण पाणी स्वतः घर्षण देत नाही. कार्ल टर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने इस्तंबूलमध्ये शिकवत असताना चिकण मातीवर प्रयोग करून हे मांडलं आणि 1925 साली त्यावर ग्रंथ लिहिला. मृदा-यांत्रिकी हे शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात.

चिंब मातीचा एक घनमीटर सुमारे 2 टन भरतो, त्यातला 1 टन पाणी तोलून धरतं. पाणी उताराला समांतर झिरपत बाहेर येत असेल, तर सुरक्षित उताराचं टॅन थीटा, म्हणजे चढाची उंची भागिले आडवं अंतर, जवळपास निम्मं होतं. कोरडी वाळू 32 अंशांवर उभी राहते असं धरू. टॅन 32 म्हणजे 0.62, त्याचं निम्मं 0.31, म्हणजे 17 अंश. एकास तीनहून थोडा सपाटच उतार झाला. बेडकाला चढायला आणि ढोकरीला उभं राहायलाही असाच काठ लागतो, हा आपला फायदा.

चिकण माती आणखी लबाड. खणताना वरचं ओझं अचानक निघतं, त्यामुळे तिच्या फटींतलं पाणी काही काळ उलट आत ओढून धरतं. म्हणून खणल्या दिवशी भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ उभी राहते आणि जेसीबीवाला म्हणतो, “बघा, कशी टणक आहे!” पुढे हळूहळू पाणी आत शिरून ती ओढ संपते. काठापासून हातभर मागे केसाएवढी चीर दिसते, पायथ्याशी माती पाझरू लागते, आणि एखाद्या रात्री सगळी ढेप खाली येते. उभ्या कडेच्या खड्ड्यात उतरू नका. उपसलेल्या मातीचा ढीगही काठावर रचू नका. भरलेलं तळं पंपाने एकदम उपसलं तरी हेच होतं: आतला आधार जातो, काठातलं पाणी मात्र तिथेच असतं.

खोली मधोमध तीन-साडेतीन फूट पुरे. मेमध्ये तळं आटलं तर बोअरचं पाणी सोडायची घाई नको. रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरची, पावसाळी डबकी दरवर्षी आटतात, तरी त्यांत बेडूक वाढतात. दूर आफ्रिकेपर्यंत स्थलांतर करणारा पँटाला चतुर तर अंडी घालायला अशीच तात्पुरती डबकी पसंत करतो, कारण तिथे मासे नसतात. म्हणून डासांच्या भीतीने गंबुसिया मासे आणून सोडू नका. ते डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची कोवळी पिल्लंही कुरतडतात. चतुरांच्या अळ्याही डासांच्या अळ्या खातात. आणि कुणी आधीच मासे सोडून ठेवले असतील, तर तळं एका उन्हाळ्यात पूर्ण आटू द्या.